अनुभव धागा : नियमांवरून झालेले गैरसमज आणि ते कसे सुटले

कोथरूडकर

गेल्या महिन्यात आमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा खेळ) ग्रुपमधून एक जण निघून गेला. चार वर्षं दर रविवारी एका टेबलाला बसणारा मित्र. प्रश्न एवढाच होता, की हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) प्यायला अख्खी अॅक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) जाते की बोनस अॅक्शनमध्ये (छोट्या जादा कृतीत) भागतं? तो म्हणाला अॅक्शन, दुसरी एक मैत्रीण म्हणाली बोनस अॅक्शन. दोघांनी आपापल्या पुस्तकातल्या ओळी टाईप करून टाकल्या आणि मग रात्री दीडपर्यंत जुंपली. "तुला वाचता येत नाही का" इथवर गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मी दोघांकडून पानांचे फोटो मागवले. त्याच्याकडे २०१४चं प्लेयर्स हँडबुक (खेळाचं नियमपुस्तक), तिच्याकडे २०२४चं. नियम मधल्या काळात बदलला आहे, त्यामुळे दोघंही आपापल्या पानाशी शंभर टक्के प्रामाणिक होते. पण तोवर तो ग्रुप सोडून गेला होता.

माझ्या मनातून हे जात नाही, म्हणून हा धागा. तुमच्याकडे असं काय झालं, कशानं मिटलं, की मिटलंच नाही, ते लिहा. कुणाचं नाव नको.

औंधची डीएम

मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी. आमच्याकडे भांडण विसावरून. कड्यावर चढायचं होतं, एकानं वीस बाजूंचा फासा टाकला, वीस पडले. मी म्हटलं, नाही जमत. त्यानं घरी जाऊन ग्रुपवर लांबलचक लिहिलं, की विसाला अपयश येऊच शकत नाही. मी उत्तर दिलं, की विसाचं ते खास महत्त्व हल्ल्याच्या फाशाला आहे, अॅबिलिटी चेकला (चढण्यासारख्या कामाच्या फाशाला) नाही. नियम म्हणून माझं बरोबर होतं. तो आधी पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळायचा. तिथे वीस पडले की निकाल एक पायरी वर सरकतो, हे मला माहीत नव्हतं.

लहानपणी मामाकडे मेंढीकोटला बसताना आम्ही पत्ते पिसायच्या आधी विचारायचो, "तुमच्यात बंद हुकूम की कट हुकूम?" आणि इथे सहा मोठी माणसं हे न विचारता खेळायला बसली.

तरी त्याचा खरा सल वेगळाच होता. फोनवर म्हणाला, "ताई, जमणारच नव्हतं तर फासा का टाकू दिलास? टाकायला सांगितलंस म्हणजे थोडी तरी शक्यता आहे असंच मी धरलं." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता अशक्य गोष्ट असेल तर मी फासा हातात घेण्याआधीच सांगते.

रात्रीचा कीपर

छोटासाच अनुभव. कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या अशाच खेळाचं सेशन संपल्यावर एकीनं लिहिलं, "स्पॉट हिडनला (लपलेलं हेरायच्या फाशाला) ०३ पडले!!" डी अँड डीवाल्या दोघांनी लगेच धीर दिला, "जाऊ दे, पुढच्या वेळी." तिला वाटलं टोमणा मारतायत. या खेळात शंभरात जितका आकडा कमी तितकं चांगलं, हे त्या दोघांना ठाऊकच नव्हतं. एका ओळीत सांगितलं आणि मिटलं.

हिंजवडी शिफ्ट

माझी चूक सांगतो. आमच्या टेबलावरची रोग (rogue, चोरट्या चलाख प्रकारचं पात्र) खेळणारी मुलगी कॉलेजात आहे, मी तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. लढाईत तिनं आपल्या टर्नला स्नीक अटॅक (साथीदार शत्रूला खेटून असला की रोगला जादा फासे देणारा वार) केला. मग शत्रू तिच्या शेजारून पळायला निघाला, म्हणून तिला रिअॅक्शनमध्ये (दुसऱ्याच्या कृतीला लगेच दिलेल्या उत्तरात) वार करायला मिळाला. आमचा फायटर (लढवय्या पात्र) त्या शत्रूला खेटूनच उभा होता. तिनं जादाचे तीन फासे उचलले आणि मी तिला ते खाली ठेवायला लावले. शत्रू निसटला.

रात्री तिनं विचारलं, "दादा, तिथे स्नीक अटॅक मिळायला हवा होता ना?" मी लिहिलं, "एका डावात एकदाच. परत वाच." ती म्हणाली, "हो, तेच म्हणतेय मी, मग मिळायलाच हवा." मला वाटलं पोरगी हट्टाला पेटली. तिला वाटलं मी कबूलही करतोय आणि देतही नाहीये. तीन दिवस हेच चाललं.

शेवटी एफसी रोडला भेटलो. चहा येईपर्यंत तिनं पुस्तक उघडलं, वाद न घालता पेन्सिल एका शब्दाखाली धरली आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. "वन्स पर टर्न." राउंड नाही, टर्न. सहा सेकंदांच्या एका राउंडमध्ये प्रत्येकाचा आपापला टर्न असतो, आणि शत्रू पळाला तो त्याच्या टर्नला. मी डाव म्हणत होतो तो अख्ख्या राउंडला, ती डाव म्हणत होती ते टर्नला. मराठीत आपण दोन्हीला डावच म्हणतो! शिवाय "परत वाच" हे मी ऑफिसमधून घाईत लिहिलेलं. तिला ते बाईंनी वर्गात उभं करावं तसं लागलं होतं.

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं, की माझा निर्णय चुकला होता. आता आमच्यात टर्नला टर्नच म्हणतात, राउंडला फेरी, आणि डाव म्हणजे अख्खी बैठक.

लेकीचा बाबा

वय ५४, लेकीमुळे खेळायला लागलो. माझा विझर्ड (डी अँड डीतला जादूगार) तिसऱ्या लेव्हलचा झाला. फायरबॉल हा मंत्रही तिसऱ्या लेव्हलचा, म्हणून मी तो घेतला. ग्रुपवर विचारलं तर पाच जणांनी "नाही चालत" लिहिलं, का ते कुणीच लिहिलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, मंत्रांच्या लेव्हल नऊपर्यंत, पात्राच्या वीसपर्यंत. दोन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. फायरबॉल तुम्हाला पाचव्या लेव्हलला मिळेल." दहा सेकंदांत कळलं. नव्या माणसाला "नाही" सोबत हे एक वाक्य द्या, एवढीच माझी विनंती.

कोथरूडकर

बाबा, तुमचं वाचून मी आमचं सगळं चॅट परत चाळलं. त्यात कुणीही कुणाला "तुझं पुस्तक कुठलं?" असं विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी सगळं वाचत होतो.

काल त्याला फोन केला. आधी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ती खोटं बोलत नव्हती." रविवारी डहाणूकर कॉलनीत माझ्याकडे येतोय, तीही येणार आहे. दोघांना आपापलं पुस्तक आणायला सांगितलंय. पोशनचं आमच्या टेबलावर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.