सुस्टेन, ग्रिम्सेल, फुर्का : तीन खिंडींची फेरी एका दिवसात कोणत्या बाजूने करावी?

प्रश्न : घाटवेडा (पुणे)

नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये बहिणीकडे झुरिकला जाणार आहे. त्या मुक्कामात एक दिवस काढून स्वित्झर्लंडमधील सुस्टेन, ग्रिम्सेल आणि फुर्का या तीन खिंडींची फेरी रोड बाइक प्रकारच्या सायकलवर पूर्ण करावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे. सुस्टेनची उंची २,२२४ मीटर, ग्रिम्सेलची २,१६४ मीटर आणि फुर्काची २,४२९ मीटर आहे, म्हणजे तिन्ही ठिकाणी डांबरी रस्ताच कळसूबाईच्या माथ्याहून बराच उंच जातो. संपूर्ण फेरी सुमारे १२० किलोमीटरची असून एकूण चढ साधारण ३,५०० मीटर भरतो.

माझा सराव म्हणाल, तर सिंहगडाचा चढ नियमित असतो, ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) वेळेत पूर्ण केलेली आहे आणि पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळी घाट मी न थांबता चढू शकतो. मात्र एवढे मोठे चढ एकामागून एक, एकाच दिवशी, मी कधी केलेले नाहीत. सायकल तिथेच भाड्याने घेणार आहे. फेरी वाटेवरच्या आंडरमाट गावाहून सुरू करावी का, ती घड्याळाच्या दिशेने करावी की उलट, आणि गिअर कोणते मागावेत, याबद्दल ज्यांनी हा रस्ता केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : आरेकाठ (बर्न)

फेरी असल्यामुळे एकूण चढ दोन्ही दिशांनी सारखाच भरतो. फरक पडतो तो चढाचे तुकडे कसे पडतात यात. घड्याळाच्या उलट दिशेने गेलात, तर वासेन (९१६ मीटर) ते सुस्टेन हा सुमारे १,३०० मीटरचा, इनर्टकिर्शेन (६२५ मीटर) ते ग्रिम्सेल हा १,५४० मीटरचा आणि ग्लेच (१,७५७ मीटर) ते फुर्का हा जेमतेम पावणेसातशे मीटरचा, असे तीनच चढ वाट्याला येतात आणि शेवटचा सर्वांत लहान असतो. उलटपक्षी घड्याळाच्या दिशेने निघालात, तर फुर्का आणि ग्रिम्सेल तुलनेने लवकर उरकतात, पण त्यानंतर इनर्टकिर्शेनच्या खोल, तापलेल्या दरीतून सुस्टेनचे १,६०० मीटर भर दुपारी चढावे लागतात आणि दिवसाच्या अखेरीस वासेनहून आंडरमाटपर्यंत शोलेनेनच्या घळीतून आणखी पाचशे मीटर, तेही वाहनांच्या गर्दीत. थकलेल्या पायांना हा शेवटचा तुकडा फार जड जातो. त्यामुळे दिशा उलटीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात मात्र आंडरमाटहून करू नये. तिथून निघाल्याबरोबर पाचशे मीटर उतार लागतो आणि ऑगस्टातही सकाळी सहा वाजता १,४०० मीटर उंचीवर हवा चांगलीच बोचरी असते; पाय गरम होण्याआधीच अंग गारठते. त्याऐवजी घळीच्या खालच्या तोंडाशी असलेले ग्योशेनेन (१,१०६ मीटर) निवडावे. गोटहार्डच्या जुन्या लोहमार्गावरील हे स्थानक असल्यामुळे झुरिकहून रेल्वेने येणे सोयीचे पडते (सायकलसाठी वेगळे तिकीट लागते, हे लक्षात असू द्यावे) आणि वासेनपर्यंतचा उतार इतका लहान आहे की थंडी भरायच्या आत सुस्टेनचा चढ सुरू होतो. आदल्या रात्री तिथेच मुक्काम करावा, कारण पहाटे निघणे या फेरीत अत्यावश्यक आहे.

सुस्टेनचा रस्ता १९३८ ते १९४५ या काळात, मोटारींचा विचार करूनच बांधला गेला, त्यामुळे चढ सलग आणि एकसारखा आहे. कुठे अचानक भिंत उभी राहत नाही, पण श्वास घ्यायला सपाटीही मिळत नाही. माथ्यावर सुमारे ३०० मीटरचा बोगदा आहे आणि तो ओलांडताच हवा, उजेड, सगळेच बदलते. पलीकडे उतरताना डाव्या हाताला श्टाइन हिमनदी आणि तिच्या पायथ्याचे तळे दिसते. तिथे पाच मिनिटे जरूर थांबावे.

प्रतिसाद : मंदगती (सातारा)

तुमच्या आंबेनळीच्या सरावाबद्दल एक तुलना करतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला येताना आपण सुमारे ४० किलोमीटरमध्ये जवळपास १,३०० मीटर चढतो. वासेनहून सुस्टेनला हीच उंची १८ किलोमीटरमध्ये गाठावी लागते. म्हणजे सरासरी चढ सव्वासात टक्क्यांच्या आसपास, आणि तो दीड-दोन तास तसाच राहतो. आंबेनळीत मधूनमधून जो मोकळा श्वास मिळतो, तो इथे गृहीत धरू नये. सराव करायचा असेल, तर सिंहगड एकदा वेगात चढण्याऐवजी त्याच दिवशी तीन-चार वेळा, बोलता येईल इतक्या संथ गतीने चढावा आणि शेवटच्या चढाची वेळ पहिल्याच्या जवळ राहते का, ते पाहावे. त्या शेवटच्या चढातच तुमच्या तयारीचा खरा हिशेब कळतो.

गिअरबाबत कोणताही संकोच न ठेवता सर्वांत हलका मागावा. पुढे ५० आणि ३४ दात्यांची चक्रे आणि मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) मिळाली, तर ३४ ला ३४ लावून मिनिटाला ६० पायडलच्या लयीत ताशी साडेसात किलोमीटर वेग पडतो. मागचे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचेच असेल, तर त्याच लयीसाठी ताशी सव्वानऊ किलोमीटरने चढावे लागेल, आणि सात-आठ टक्क्यांवर हा फरक गुडघ्यांना फार जाणवतो. तासाला ६०० मीटर उंची ही सराव असलेल्या हौशी सायकलस्वाराने दिवसभर धरता येण्याजोगी गती आहे. सायकलसकट ८५ किलो वजन धरले, तर त्यासाठी साधारण १६० वॅट लागतात. या हिशेबाने केवळ चढांनाच सहा तास जातील. उतार, खाणे, पाणी आणि फोटो धरून नऊ ते दहा तासांचा दिवस समजावा.

दिशेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांना वेळेची घाई नाही आणि दोन दिवस काढता येतात, त्यांनी घड्याळाच्या दिशेने जाऊन इनर्टकिर्शेन किंवा त्यापुढच्या गाडमेन गावी मुक्काम करावा आणि सुस्टेन पश्चिमेकडून, सकाळच्या उजेडात चढावा. ती बाजू उतरताना भर्रकन निघून जाते. चढताना मात्र हिमनदी वळणावळणाला जवळ येत राहते. तुम्ही एकाच दिवसाचा बेत आखला असल्यामुळे वरचा सल्ला योग्यच आहे.

खाण्याचे म्हणाल, तर भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जायला हवीत. शेंगदाण्याच्या चिक्कीपेक्षा खजूर आणि राजगिऱ्याची वडी चढावर चावायला सोपी जाते, असा माझा अनुभव आहे. रविवारी तिथल्या गावांतील दुकाने बहुधा बंद असतात. तसाही रविवार टाळावा, कारण सुटीच्या दिवशी या खिंडींवर मोटारसायकलींचा लोंढा असतो.

प्रतिसाद : उतारावर (म्युनिक)

चढाबद्दल पुरेसे लिहिले गेले आहे. भारतातून येणाऱ्या सायकलस्वारासाठी मला अधिक काळजी उताराची वाटते. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो. स्वित्झर्लंडमध्ये भाड्याच्या सायकलीला तो डाव्या हाताला असण्याची शक्यता फार मोठी आहे. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच लिव्हर दाबून कोणते चाक थांबते ते पाहावे आणि शक्य असल्यास दुकानदाराकडून अदलाबदल करून घ्यावी. सुस्टेनहून इनर्टकिर्शेनपर्यंतचा उतार सुमारे २८ किलोमीटरचा आहे. एखाद्या ओल्या वळणावर सवयीने चुकीचा हात आवळला गेला, तर सावरायला वेळ मिळत नाही. शक्यतो डिस्क ब्रेकचीच सायकल घ्यावी, आणि ब्रेक सतत किंचित दाबून ठेवण्याऐवजी वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर जोरात लावून वळणात सोडून द्यावेत.

दुसरी सवय डावीकडून चालण्याची. वाहने समोरून येत असतात तोवर उजवी बाजू आपोआप सांभाळली जाते, परंतु रिकाम्या रस्त्यावर, विशेषतः एखाद्या ठिकाणी फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना, मन नकळत डावीकडे ओढते. मी प्रत्येक थांब्यानंतर 'उजवीकडे' असे मोठ्याने म्हणून निघतो आणि इतरांनाही तेच करायला सांगतो.

पिवळी पोस्टबस आंधळ्या वळणापूर्वी तीन सुरांचा हॉर्न वाजवते. तो ऐकू आला की वळणाच्या आतल्या बाजूला न जाता कडेला थांबावे, कारण घाटातील टपालमार्गांवर तिला अग्रक्रम असतो आणि लांबीमुळे वळताना तिला संपूर्ण रस्ता लागतो. फुर्काहून आंडरमाटच्या बाजूला, रेआल्प गावाकडे उतरताना रस्ता बराच अरुंद होतो आणि काही भागांत कठड्याऐवजी केवळ अंतराअंतरावर दगड रोवलेले आहेत. तिथे दरी पाहायची असेल तर थांबून पाहावी. ग्रिम्सेलच्या चढावर बोगदे आहेत. काही ठिकाणी सायकलींसाठी जुना रस्ता बाहेरून जातो आणि तो पाट्यांवर दाखवलेला असतो, पण मागचा लाल दिवा दिवसभर चालू ठेवावा.

घाटवेडा (पुणे)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्योशेनेनहून, घड्याळाच्या उलट दिशेने आणि कामाच्या दिवशी निघायचे, हे पक्के केले. ब्रेकच्या बाजूचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आता एकच शंका उरते : दोन खिंडी झाल्यावर ताकद संपली किंवा हवामान बिघडले, तर परतण्याचा मार्ग कोणता? बहिणीला गाडी घेऊन बोलवावे लागू नये, अशी इच्छा आहे.

प्रतिसाद : आरेकाठ (बर्न)

निर्णय घेण्याची जागा ग्लेच ही आहे. ग्रिम्सेलहून सहा किलोमीटर उतरलात की तिथे पोहोचता. समोरच्या डोंगरावर फुर्काची वळणे एकावर एक रचलेली दिसतात आणि त्यांतल्या एका वळणावर बंद पडलेले बेलवेदेर हॉटेल. डावीकडे वळलात तर दहा किलोमीटरचा चढ, उजवीकडे ऱ्होन नदीबरोबर थोडेसे उतरलात तर ओबरवाल्डचे रेल्वे स्थानक. तिथून १९८२ साली सुरू झालेल्या फुर्का तळबोगद्यातून गाडी थेट डोंगर पार करून रेआल्प आणि आंडरमाटला जाते. आंडरमाटहून ग्योशेनेन हा केवळ उतार आहे, आणि तोही नको असेल तर तेवढ्या टप्प्यासाठी दातेरी रुळांची वेगळी रेल्वे आहे. म्हणजे एक पायडलही न मारता तुम्ही मुक्कामी पोहोचू शकता.

दुपारी चारनंतर ग्लेचला पोहोचलात, किंवा फुर्कावर काळे ढग उभे राहिलेले दिसले, तर उजवीकडेच वळावे. उन्हाळ्यात दुपारच्या गडगडाटी सरी तिथे नेहमीच्या आहेत आणि २,४०० मीटरवर त्या पावसाचे तापमान ऑगस्टातही पाच-सहा अंशांवर येऊ शकते. भिजलेल्या अंगाने तिथून २० किलोमीटर उतरताना बोटे बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाहीत. वारा अडवणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात असावेतच, इनर्टकिर्शेनला कितीही उकाडा जाणवला तरी.

याउलट इनर्टकिर्शेनलाच अंगात त्राण नसेल, तर ग्रिम्सेल सुरू करू नये. तिथून माइरिंगेनपर्यंत छोटी रेल्वे आहे आणि पुढे लुझर्नमार्गे झुरिकला जाता येते. ग्रिम्सेलचा चढ २६ किलोमीटरचा आहे आणि गुटानेन सोडल्यावर वस्ती जवळजवळ संपते. तिथे अर्ध्यावर दम संपला, तर मागे फिरणे किंवा बसची वाट पाहणे एवढेच हातात उरते, आणि बसमध्ये सायकलींना जागा मोजकीच असते. वरच्या टप्प्यात धरणे लागतात, ग्रॅनाइटचे उघडे खडक लागतात, सावली नावालाही नसते. दोन्ही बाटल्या गुटानेनच्या नळावर भरून घ्याव्यात. गावातील नळाचे पाणी पिण्याजोगे असते, आणि जिथे ते तसे नसते तिथे जर्मनमध्ये स्पष्ट पाटी लावलेली असते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिन्ही खिंडी खुल्या असल्याची खात्री करून घ्यावी. एरवी त्या साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालू असतात, परंतु दरड कोसळणे किंवा रस्तेदुरुस्ती यांमुळे ऐन ऑगस्टातही एखादी बंद राहू शकते, आणि त्या परिस्थितीत फेरी न करता एकाच खिंडीवर जाऊन त्याच वाटेने परत यावे. अशा वेळी माझी पसंती वासेनहून सुस्टेनला असेल.