मदत हवी आहे: मुलीच्या हातून चेंडू निसटतो, पकड कशी सुधारावी?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर. मी लहानपणापासून शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत आलोय, पण स्वतः कधी गोलमध्ये उभा राहिलो नाही. शाळेचे सर चांगले आहेत, पण तीस मुलांत एकट्या गोलकीपरकडे किती बघणार?

तिची उडी चांगली आहे, पुढे यायलाही घाबरत नाही. पण सरळ अंगावर आलेला चेंडू हातात राहत नाही. पोटापासून छातीपर्यंतचा तर हमखास सुटतो. तळव्यांना लागून चार हात पुढे पडतो आणि समोरचा आयता गोल मारतो. गेल्या रविवारी असेच दोन गोल झाले. घरी येऊन पोरगी जेवली नाही.

सरावाचं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. हात काठीसारखे ताठ दिसतात. शिवाय छातीच्या उंचीला बोटं वर ठेवायची की खाली, हे तिचं शेवटपर्यंत ठरत नाही. मग टाळी वाजवल्यासारखे तळवे समोरासमोर येतात आणि चेंडू मधून निघून जातो. नवे ग्लोव्हज घेतले, फरक पडला नाही.

घरच्या घरी काय सराव घेता येईल? अंगण आहे, एक भिंत आहे, रोज अर्धा तास आहे.

प्रतिसाद

दादा, मी कॉलेजात असताना चार वर्षं गोलमध्ये होतो. तुम्ही दोष बरोबर पकडलाय.

छातीच्या खालचा चेंडू असेल तर बोटं खाली, तळवे वर, करंगळ्या शेजारी-शेजारी आणि कोपरं बरगड्यांजवळ. चेंडू तळव्यांवर थांबवायचा नाही, हातांवरून आत घेऊन छातीशी कवटाळायचा, अंग थोडं पुढे झुकवून. छातीच्या वर असेल तर बोटं वर, अंगठे जवळजवळ टेकलेले. दोन्ही अंगठे आणि तर्जन्या मिळून मधे शंकरपाळ्याचा आकार दिसला पाहिजे. कोपरं किंचित वाकलेली हवीत आणि चेंडू लागताच हात मागे यायला हवेत. पकड बरोबर असेल तर आवाज कमी येतो. ‘फट्’ वाजलं की समजा हात ताठ होते.

सुरुवातीला ग्लोव्हज काढून ठेवा. तीन मीटरवरून हाताने हळू चेंडू टाका आणि टाकताना ‘वर’ किंवा ‘खाली’ तिलाच ओरडून सांगू द्या. तिचा जो निर्णय ठरत नाही, तो यानेच ठरेल. आठवडाभर एवढंच करा. मग भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून एका हाताने झेलू द्या, त्याने नजर शेवटपर्यंत चेंडूवर राहते. लाथेचे फटके त्यानंतर. फटका बसतो त्या क्षणी तिचे पाय स्थिर आणि वजन चवड्यांवर आहे का, तेही चित्रणात बघा.

चेंडूतली हवाही तपासा. किती भरायची ते बहुतेक चेंडूंवर छापलेलं असतं. दगडासारखा भरलेला चेंडू कुणाच्याही हातात राहत नाही. ग्लोव्हज लॅटेक्सचे असतील तर वापरण्यापूर्वी तळवे थोडे ओले करा, कोरड्या लॅटेक्सला पकड कमी असते. आणि पावसात जोरदार फटका आला तर झेलायचा हट्ट नको, बाजूला ढकलायचा, समोर कधीच नाही.

तिला जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान याच्याबद्दल सांगा. २००२च्या विश्वचषकात अंतिम सामन्यापर्यंत त्याच्यावर फक्त १ गोल झाला होता. योकोहामाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या रिवाल्डोचा फटका त्याच्या हातून सुटला आणि ब्राझीलच्याच रोनाल्डोने गोल मारला. तरीही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज संध्याकाळी ‘वर-खाली’ सुरू केलं. वीसपैकी अकरा पकडले. तिने वहीत आकडा लिहून ठेवलाय. एक विचारायचं राहिलं: जमिनीलगत येणाऱ्या चेंडूला एक गुडघा टेकवायचा की दोन्ही पाय जोडून वाकायचं?