फुलपाखरं बसतात म्हणून घाणेरी-रानमोडी राखायची का?

मलप्रभाकाठ :
जांबोटी-कणकुंबी रस्त्याकडेची घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपं काढायचा विषय निघाला की आमच्या भागात उत्तर ठरलेलं: "राहू द्या की, फुलपाखरं किती येतात बघा." माझं म्हणणं, फुलाकडं बघून निकाल देऊ नका, पान उलटून बघा. मध प्यायला फुलपाखरू कुठल्याही फुलावर बसेल. अळीचं तसं नाही. अंडं ज्या झाडावर घातलं तेच तिचं जेवण, आणि बऱ्याच जातींना ठरावीक झाडंच चालतात. कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग. त्याची अळी ईश्वरीच्या वेलावर आणि त्याच कुळातल्या मोजक्या झाडांवर वाढते. महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराला, नीलवंताला, लिंबाच्या कुळातली पानं लागतात, रानात माकडलिंबू. दाट घाणेरीखाली उजेडच पोचत नाही, तिथं अशी रोपं वर येणार कशी?

रुईवरची पट्टेरी अळी कधी नीट बघा. आधी पानाची शीर कुरतडते, चीक गळू देते, मग पुढचा भाग खाते. हे कसब रुईच्या संगतीत पिढ्यानपिढ्या राहून आलंय. घाणेरी मूळची अमेरिकेतली. तिच्या पानातल्या विषाशी इथल्या अळ्यांचा असा जुना संबंधच नाही. शेजारी घाणेरीचं पान धरा, बहुतेक वेळा कडा शाबूत. लोकांना ते हिरवंगार वाटतं. मला तिथं उपासमार दिसते.

शिवारातला :
दादा, शहरात बसून बोलायला सोपं आहे. आमच्या बांधाला घाणेरीचं कुंपण आहे म्हणून गुरं भातात शिरत नाहीत. तारेचा खर्च कोण देणार? आणि कीटक खातच नाहीत हे पटत नाही. रानमोडीच्या शेंड्याला मावा लागून पानं वळलेली मी दरवर्षी बघतो.

मलप्रभाकाठ :
शहरात नाही, खानापूर तालुक्यातच राहतो. मावा लागतो हे शंभर टक्के खरं. पण हा मावा, पिठ्या ढेकूण हे काहीही खाणारे. तुमच्या मिरचीवरही तेच. त्यांना परकी झाडं म्हणजे चंगळ. उपाशी मरतात ते एकाच झाडावर अवलंबून असणारे. कुंपणाचं म्हणाल तर गुरं अडतात, पण रानडुकरं दिवसभर त्याच जाळीत दडून बसतात.

रानवाटा :
मी विरोधी बाजूनं लिहिते. परकं झाड म्हणजे कीटकांचा दुष्काळ, हा सरसकट नियम नाही. कासोद आपला नाही, बाहेरून आणून लावला. पण बहाव्यावर वाढणाऱ्या पिवळसर फुलपाखराच्या हिरव्या अळ्या कासोदही फस्त करतात. फ्लोरिडात तर बिया शोषणाऱ्या एका ढेकणानं परदेशी झाड धरलं आणि काही दशकांत त्याची सोंडच आखूड झाली, त्या चपट्या शेंगेला साजेशी. निसर्ग जुळवून घेतो. त्याला वेळ द्या.

मलप्रभाकाठ :
अक्का, दोन्ही उदाहरणं खरी आहेत, आणि दोन्हींत एकच गोष्ट आहे: नातं. बहावा आणि कासोद जवळचे भाऊबंद. फ्लोरिडातला ढेकूण आधी कपाळफोडीच्या जातीच्या वेलावर होता, नवं झाडही त्याच कुळातलं. घाणेरीला आपल्या रानात जवळचे नातेवाईक फार थोडे. शिवाय त्या ढेकणाच्या वर्षात अनेक पिढ्या होतात आणि जुना वेलही शाबूत होता. इथं नवं शिकेपर्यंत जुनं झाडच उरत नाही. काँग्रेस गवतही परकंच, त्यावर तोडगा म्हणून 1983 मध्ये मेक्सिकोतून भुंगेरा बंगळूरला आणावा लागला. इथल्या किड्यांनी ते आवरलं असतं तर ही वेळ आली नसती.

शिवारातला :
तोच भुंगेरा पुढं सूर्यफुलावर दिसला म्हणून बोंब झाली होती. उपाय म्हणून आणलेलंही तपासून घ्यायला हवं.

मलप्रभाकाठ :
मान्य. म्हणूनच मी हातानं काढायच्या बाजूचा आहे.

येळ्ळूरची लेक :
मी टेरेसवर बदकवेल लावलाय, नक्षीदार फुलांचा. तो ईश्वरीच्या कुळातलाच ना? मग बर्डविंगला चालेल की.

मलप्रभाकाठ :
ताई, तो दक्षिण अमेरिकेतला, आणि इथं नातंच घात करतं. ऑस्ट्रेलियात बर्डविंगच्या माद्या वासाला भुलून त्यावर अंडी घालतात आणि अळ्या पानं खाऊन मरतात. तिथं लोक हा वेल उपटून देशी वेल लावतात. तुम्ही ईश्वरीचं रोप मिळवा.

रानवाटा :
नात्याचा मुद्दा पटला. पण एक सोडत नाही. नुसती जेसीबी फिरवून रान उघडं केलंत तर पुढच्या पावसात तिथं रानमोडीच येणार, आणि जाळीत घरटी करणारे बुलबुलही जातील. ते मला चालणार नाही.

मलप्रभाकाठ :
मलाही नाही. जेसीबी नकोच. रानमोडी फुलायच्या आत, पाऊस सरता सरता, जमीन ओली असताना उपटायची. मूळ सहज येतं. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन बोटं मूळ तोडून जाळी उलटी टाकायची. एका वर्षी एकच पट्टा, आणि तिथं लगेच माकडलिंबू, करवी, ईश्वरी. पुढची दोन-तीन वर्षं रोपं उपटत राहावं लागेल, त्याशिवाय जमत नाही.

शिवारातला :
कुंपणाला काय लावू ते सांगा. गुरं अडली पाहिजेत.

मलप्रभाकाठ :
करवंद आणि निर्गुडी आलटून पालटून लावा. करवंदाला काटे आहेत, निर्गुडीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. दाट व्हायला तीन-चार वर्षं जातील, तोवर घाणेरी आतल्या बाजूनं थोडी थोडी काढा.