रिग, गरी, तंगूस: किनाऱ्यावरून गरवताना कोणते शब्द वापरावेत?

विचारणा
देवगडजवळ माझं आजोळ. मोठे मामा खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, उभे राहून तांबोशी, गोबरा गरवतात; रॉड नाही, बाटलीला गुंडाळलेली दोरी आणि हात. त्यांची बांधणी मी घरातल्या मुलांसाठी लिहून ठेवतोय. शिसं, फिरती कडी, पुढचा जाड तुकडा आणि गरी, या सगळ्या जुळणीला इंग्रजीत 'रिग' म्हणतात. मराठीत एक शब्द आहे का? 'लीडर'साठी, म्हणजे त्या पुढच्या जाड तुकड्यासाठी, 'अग्रसूत्र' चालेल का? आणि 'गळ' लिहू की 'गरी'?

प्रतिसाद
मामांसाठी लिहिताय तर 'गरी'च. क्रियापद त्यातूनच आलंय, 'गरवणे'. 'गळ' प्रमाण भाषेत आहेच, पण 'गळ टाकला' हा पुल्लिंगी आणि 'त्याने गळ घातली' ही आग्रहाची स्त्रीलिंगी. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

'रिग'साठी नाम शोधत बसू नका. गाडी जुंपली म्हटलं की जू, जोतं, शिवळा सगळं आलं, तसं 'गरी बांधली' म्हटलं की शिशापासून गाठीपर्यंत सगळं आलं. आपल्याकडे ही वस्तू कृतीतूनच ओळखली जाते. नामच हवं असेल तर तुम्ही स्वतः लिहिलेला 'बांधणी' शब्द उत्तम आहे!

'अग्रसूत्र' मात्र नको. खडपावर तो कुणाच्या तोंडी येणार नाही. नायलॉनच्या एकपदरी पारदर्शक दोरीला 'तंगूस' म्हणतात. मणी ओवणाऱ्यांकडेही हाच शब्द आहे. तेव्हा मुख्य दोरी म्हणजे तंगूस आणि लीडर म्हणजे 'पुढचा जाड तंगूस'. जाड का, तेही लिहा. गोबरा आमिष घेतल्याबरोबर कपारीत शिरतो, दोरी कालवांवर घासते आणि बारीक तंगूस तुटतो. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडही धारदार असते.

प्रतिसाद
'स्विवल'ला आमच्याकडे शब्द आहे, भोवरकडी. गुराच्या साखळीला पीळ बसू नये म्हणून जी फिरती कडी लावतात ती. इथेही काम तेच, तंगुसाला पीळ बसू न देणं. सरकत्या शिशाला अडवायचं कामही तीच करते. दुकानात मात्र 'स्विवल'च मागा.

विचारणाऱ्याकडून
भोवरकडी फार आवडला. आता गाठ. मामा तंगूस गरीच्या भोकातून ओवतात, मोकळं टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा पिळतात, मग गरीलगतच्या फटीतून काढून ओढतात. ही सुरगाठ की निरगाठ?

प्रतिसाद
दोन्ही नाही. सुरगाठ एक टोक ओढलं की सुटते. निरगाठ बसते ती बसतेच, पण ती सरकून आवळत नाही. मामांची गाठ ओढली की सरकते आणि घट्ट होते, म्हणून ती फासाच्या जातीची. 'फासगाठ' लिहा.

ओढण्याआधी मामा ती तोंडात धरून ओली करत असणार. ते गाळू नका. कोरडा तंगूस एकमेकांवर घासला की तापतो आणि नेमका गाठीतच कमजोर होतो. मोठा मासा तिथूनच दोरी तोडून जातो.

आणि 'गरीचं भोक' का? सुईला असतं ते नेढं. गरीलाही नेढंच म्हणा.

विचारणाऱ्याकडून
हो, ओली करतात! मी ती सवय समजत होतो. आता असं लिहिलंय:

'तंगुसात आधी शिसं ओवावं, मग भोवरकडी बांधावी. कडीच्या दुसऱ्या बाजूला दीड हात जाड तंगूस. त्याचं टोक गरीच्या नेढ्यातून काढून सहा वेढे द्यावेत, फासगाठ थुंकीने ओली करून हळू आवळावी. आमिषाला जिवंत कोळंबी किंवा बोयट माशाचा तुकडा.'

प्रतिसाद
छान. 'दीड हात' ठेवलंत हे बरं केलंत. खडपावर फूटपट्टी कोण नेतो? आता फक्त गरीच्या टोकामागचा उलटा काटा राहिला, मासा निसटू नये म्हणून असतो तो. मामा त्याला काय म्हणतात, तेवढं विचारून इथे लिहा.