चिपळूण ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने, एसटीने आणि एकटीने

पेठमाप_५१

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. जन्म कोकणातला, सासर कोकणातलं, पण समुद्र म्हणाल तर पाहुण्यांना दाखवण्यापुरता पाहिलेला. गणपतीपुळ्याला गेले ते नणंदेच्या सासरच्यांना घेऊन, हेदवीला गेले ते मुलाच्या नवसाला. हर्णैला डोहाळजेवण होतं, तेव्हा समुद्र दिसला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पुरणपोळ्या लाटताना.

आता मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी तिच्या घरी. ह्यांचं दुकान आहे आणि दुकान सोडून ह्यांना कुठेच करमत नाही. म्हणून म्हटलं, आपणच जाऊन यावं. वाट अशी ठरवलीय: चिपळूणहून दापोली, हर्णै-आंजर्ले, मग दाभोळ. दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर, हेदवी. तवसाळहून पुन्हा बोटीने पलीकडे जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी. परत येताना रेल्वे. गाडी चालवता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त एसटीवर. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेव्हा भाड्याची काळजी नाही. काळजी आहे ती खोलीची.

किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी फोन केला. "किती माणसं?" "एक." "साहेब एकटेच येणार का?" "साहेब नाही, मीच." मग जरा वेळ काहीच नाही, मग "विचारून सांगतो". अजून विचारतायत.

घरून विरोध नाही. पण जो तो "एकटीच?" म्हणून डोळे मोठे करतो. २०२१ च्या पुरात सासूबाईंना घेऊन माळ्यावर रात्र काढली, खाली पाण्यात कपाट तरंगत होतं, हे पलीकडे दुकानाच्या गच्चीवर अडकलेले. तेव्हा कुणी "एकटीच?" विचारलं नव्हतं.

तर सांगा: एकट्या बाईला नीट खोली देणारी जागा फोनवर कशी ओळखायची? दिवेलागणीनंतर काय करायचं? आणि धोपाव्याहून गुहागरला जायला काय मिळतं? कृपा करून "एखादी मैत्रीण घेऊन जा" म्हणू नका. मैत्रीण आली की तिचे गुडघे येतात आणि दर तासाला तिच्या सुनेचा फोन येतो.

भाट्याचा_बाळू

ताई, कोकणात भीती अशी काही नाही, बिनधास्त जा. पण रागावणार नसाल तर विचारतो, एकटीने समुद्र बघण्यात मजा ती काय? बोलायला कोणी नको? भाऊजींना म्हणावं, चार दिवस दुकानाला कुलूप लावा.

टपालवाली_मावशी

बाळू, बोलायला कोणी नको म्हणूनच जायचं असतं रे बाबा.

पेठमाप, तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. मी रत्नागिरीची, पोस्टातून निवृत्त झाले आणि पहिलं काम हेच केलं. आधी लांब कुठे नाही, पावसला आणि आडिवऱ्याला, मग देवगड-मालवणपर्यंत. जवळून सुरुवात केलीस हे उत्तम. गाडी चुकली तरी माणसं आपल्याच बोलीत वाट सांगतात.

फोनचं ऐक. "खोली मिळेल का?" असं विचारूच नकोस. "मी सोमवारी दुपारच्या गाडीने येतेय, एकटी आहे, जेवायला काय असतं?" असं सांगायचं. विचारलं की माणूस विचार करायला लागतो. आणि पुरुषाने फोन उचलला तर म्हणावं, घरात वहिनी असतील तर त्यांना द्या. घरगुती ठिकाणी खोली द्यायची की नाही हे स्वयंपाकघरातच ठरतं. मालक त्याच आवारात राहतात ना, एवढं मात्र विचारून घे. नुसता एक पोऱ्या ठेवलेली जागा नको.

संडास खोलीला लागून हवा. रात्री आगरातून बॅटरी घेऊन जायची पाळी नको. माणसांपेक्षा मला फुरशाचं, त्या विषारी सापाचं, भय जास्त वाटतं, आणि ते पाचोळ्यात दिसत नाही. खोलीत गेल्यावर आधी आतली कडी घालून बघ. पुष्कळ घरांत दार पावसाने फुगलेलं असतं, कडी लागतच नाही. तसं असेल तर तेव्हाच सांग, रात्री दहाला नको.

संध्याकाळचं म्हणशील तर हर्णैला बंदरावर मासळीचा लिलाव बघ. तिथे बायकांचंच राज्य. आपण एकट्या आहोत की दुकट्या हे बघायला कुणाला सवड नसते, फक्त टोपलीच्या वाटेत उभी राहू नकोस, शिव्या बसतील. बाकी ठिकाणी अंधार पडला की पुळणीवरून उठायचं आणि खानावळीत जाऊन बसायचं. खोलीत ताट मागवू नकोस. पहिल्या दिवशी मीही मागवलं होतं, पलंगावर बसून जेवताना आजारी असल्यासारखं वाटलं. जेवण मात्र सकाळीच सांगून ठेवायचं, माणशी मोजून मासळी आणतात.

दाभोळला घाईने बोटीत चढू नकोस. चंडिकादेवीचं देऊळ बघ. गुहेत आहे, आत विजेचा दिवा नाही, समयांच्या उजेडात वाकून जायचं. डोळे सरावायला वेळ लागतो, मग मूर्ती दिसते. मागे कोणी "चला, चला" करणारं नसलं की तिथे हवं तितकं थांबता येतं. नंतर बोटीत डाव्या हाताला उभी राहा. आत गेलेली खाडी दिसते ती तुझ्याच चिपळूणहून आलेली वाशिष्ठी. तिच्याशी तुझा जुना हिशेब आहे, काय बोलायचं ते बोलून घे. धोपाव्याला उतरल्यावर एसटी उभी असेलच ह्या भरवशावर राहायचं नाही. जिथे उतरणार त्यांनाच सांगून रिक्षा जेट्टीवर बोलावून ठेव. तवसाळकडे जातानाही तेच.

आणि पुढे हात सुटला आणि लांबचा रेल्वेप्रवास करावासा वाटला, तर खालच्या बर्थचा जो कोटा असतो तो पुरुषांना ६० नंतर, पण एकट्या बाईला ४५ पासूनच मिळतो. तिकीट काढताना तो कोटा निवडावा लागतो, आपोआप मिळत नाही.

देवरुखकर

बाळूशेठ, आमच्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवले ठाऊक आहेत का? बाया कर्व्यांची, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नीची, बहीण. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या आणि १९१८ साली थेट अमेरिकेला गेल्या. वय चाळिशीच्या पुष्कळ पुढे, विधवा, इंग्रजी बेताचं. तिकडे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. त्यांना बोलायला कोण होतं? ताई तर दापोलीला निघाल्यात, तेही अर्ध्या तिकिटात.

भाट्याचा_बाळू

अहो मी नुसतं विचारलं. जयगडला उतरलात तर कऱ्हाटेश्वर चुकवू नका, आणि गणपतीपुळ्याच्या अलीकडे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. पुळ्याला पाण्यात मात्र पाऊल घोट्यापर्यंतच, उतार एकदम खोल जातो. हे बाईमाणूस म्हणून नाही हो, सगळ्यांनाच सांगतो.

आगरातली_सुगरण

आमची हेदवीकडे दोन खोल्यांची घरगुती सोय आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगते. "विचारून सांगतो" ह्यामागे दोन गोष्टी असतात. एक, सरळ पैशाची. शनिवार-रविवारी त्या खोलीत चार माणसं राहतात, चार ताटं होतात. एका माणसाला दिली की खोली अडते आणि ताट एकच. सोमवार ते गुरुवार फोन करा, कोणी आढेवेढे घेणार नाही. दुसरी गोष्ट कोणी तोंडावर सांगत नाही. एकटी बाई म्हटली की वाटतं, घरात भांडून आली असेल, काही बरंवाईट केलं तर पोलीसपाटील आमच्या ओटीवर. आमच्या सासऱ्यांचं अजून हेच म्हणणं. म्हणून आधारकार्डाबरोबर घरचा एक नंबर आपणहून द्या, आणि आल्यावर जरा ओटीवर बसून चहा घ्या. कुठल्या, कुणाकडच्या, एवढं कळलं की सासरेच तुम्हाला वाडी दाखवायला नेतात आणि मग सोडत नाहीत.

बामणघळ बघायची असेल तर तिथी बघून दिवस ठरवा. ओहोटीला नुसती खडकातली फट दिसते. भरतीला तिच्यात पाणी घुसतं आणि वर उसळतं. आमच्याकडे तिथीचा पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं.

पेठमाप_५१

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमच्या पद्धतीने हर्णैला फोन केला. "सोमवारी येतेय" म्हटलं, तर पलीकडून वहिनींनी एवढंच विचारलं, पापलेट की सुरमई.

सुगरणताई, गुरुवारी दुपारी तुमच्याकडे पोचेन म्हणते. त्या दिवशी शुद्ध पंचमी आहे, म्हणजे पावणेचारला भरती, बरोबर ना? खोली धरून ठेवा. निरोपातून घरचा नंबर पाठवते. तो ह्यांचाच आहे, पण गिऱ्हाईक असलं की उचलत नाहीत.

आगरातली_सुगरण

पंचमीला पावणेचार, बरोबर. साडेतीनला जाऊन उभं राहायचं, पण लांबून. ओल्या खडकावर उतरायचं नाही. खोली धरली. पण तो मार्गशीर्षातला गुरुवार आहे, तुम्ही धरता का? धरत असाल तर त्या रात्री वालाचं बिरडं आणि घावन करते, मासळी दुसऱ्या दिवशी.

पेठमाप_५१

धरते तर. ह्या वेळी घट मांडायचं काम ह्यांच्याकडे दिलंय, पाच पानं कुठली घ्यायची ते लिहून फ्रीजवर चिकटवलंय. बिरडं चालेल. शुक्रवारी सुरमई, आणि कढी फोडणीची नको, सोलाची.