सतरा सह्या

ग्रुप: गुलमोहर सीएचएस (फक्त कामाचे मेसेज)

साने काकू (ए-१०३): बागेत पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करायचं कमिटीनं परस्पर ठरवलंय. विशेष सभा बोलवा म्हणून अर्ज केलाय. कागद वॉचमनच्या टेबलावर पॅडला लावून ठेवलाय. बाग हवी असेल त्यांनी येताजाता सही करा.

सेक्रेटरी कुलकर्णी (सी-२०१): परस्पर नाही, मिनिट्समध्ये आहे. आणि काकू, असे कागद फिरवून सोसायटी चालत नाही.

अनघा (बी-५०४): चालते की काका. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागितलं तर महिन्याच्या आत सभा घ्यावी लागते. ८४ फ्लॅट भागिले पाच, १६.८. म्हणजे सतरा सह्या.

सेक्रेटरी कुलकर्णी: बिल्डिंगमध्ये वकील असला की हे असं.

देशपांडे काका (बी-३०२): नमस्कार मंडळी. इकडे कॅलिफोर्नियात, लेकीकडे सनीव्हेलला रात्रीचे साडेदहा वाजलेत, झोप येईना म्हणून वाचत बसलोय. कुलकर्णी, कागद फिरवून सोसायटी चालत नसेल, पण इथे राज्याचे कायदे होतात. संध्याकाळी लेकीबरोबर भाजीला गेलो होतो. दुकानाच्या दारात एक पोरगा घडीचं टेबल टाकून उभा. टेबलावर चार पॅड, प्रत्येकाला दोरीने बांधलेलं पेन, आपल्या बँकेत असायचं तसं. मला म्हणतो, मतदार यादीत नाव आहे का, असेल तर चार सह्या करा, मिनिटाचं काम आहे. म्हटलं बाबा, मी पाहुणा, ऑक्टोबरात परत चाललो. झालं, माझ्याकडे पाठ करून मागच्या बाईला धरलं. चार कागद चार वेगळ्या कायद्यांचे.

रोहन (सी-६०२): प्रत्येक सहीमागे पैसे मिळतात त्याला. मी सिएटलला असताना आमच्या स्टेशनबाहेरही असायचे असे.

साने काकू: अगंबाई! पैसे देऊन सह्या? चालतं?

अनघा: कोलोरॅडो राज्यात पैसे देऊन सह्या घेणं गुन्हा होता. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी एकमताने उडवली. दारात उभं राहून ‘सही करा’ म्हणणं हे राजकीय भाषण आहे, म्हणाले. तेव्हापासून कंत्राटदार खुलेआम.

सेक्रेटरी कुलकर्णी: ग्रुपचं नाव वाचा सगळ्यांनी. फक्त कामाचे मेसेज.

पाटील (ए-७०१): शुभ सकाळ. विचार बदला, नशीब बदलेल. (अनेकदा फॉरवर्ड केलेले)

साने काकू: देशपांडे, पुढे सांगा. सह्या झाल्या की काय होतं?

देशपांडे काका: मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत जितकी मतं पडली त्याच्या ५ टक्के सह्या आणल्या तर साधा कायदा, ८ टक्के आणल्या तर राज्याची घटना बदलायचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर जातो. (तिकडचा गव्हर्नर निवडून येतो, आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो.) २०२२च्या निवडणुकीवरून आकडा ठरला ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१. मग लोक हो किंवा नाही म्हणतात. हो जास्त झाले की कायदा. विधानसभेला विचारायचं नाही, गव्हर्नरची सही नाही.

आता मला आवडलेला भाग. आयुष्यभर काउंटरमागे सह्या ताडल्या, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला की एवढ्या लाखो सह्या खऱ्या की खोट्या बघतं कोण? तर आधी नुसती मोजतात. मग प्रत्येक काउंटी (आपला जिल्हा समजा) आपल्याकडच्या ५०० किंवा ३ टक्के, जे जास्त असेल तेवढ्या सह्या चिठ्ठी टाकल्यासारख्या उचलते आणि मतदार नोंदणीच्या अर्जावरच्या सहीशी ताडते. त्यावरून हिशेब लावायचा. गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर पास. ९५च्या खाली तर नापास. मध्ये लटकला तर एकूण एक सही तपासायची. आमच्या ऑडिटवाल्यांना हे सुचलं असतं तर माझे कितीतरी रविवार वाचले असते.

सेक्रेटरी कुलकर्णी: मग विधानसभा कशाला पोसायची? लोकांनी निवडून दिलंय ना? (तसंच कमिटीलाही निवडून दिलंय, आठवण करून देतो.)

देशपांडे काका: बरोबर तेच. निवडून दिलेले विकले गेले म्हणून तर हे आलं. कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक नावाची रेल्वे कंपनी होती. मालाचं भाडं ती ठरवणार, जमिनी तिच्या, आणि आमदारही जवळपास तिचेच. लोक तिला ऑक्टोपस म्हणायचे. १९१० मध्ये हायरम जॉन्सन नावाचा वकील गव्हर्नरला उभा राहिला तो एवढं एकच बोलत, की या कंपनीला राजकारणातून हाकला. रेल्वेने फिरायचं नाही म्हणून अख्खं राज्य मोटारीतून पालथं घातलं. १९१० सालच्या मोटारी आणि रस्ते, विचार करा. निवडून आला. १० ऑक्टोबर १९११ला लोकांनी एका दिवसात तीन हक्क घेतले: स्वतः कायदा मांडायचा, विधानसभेने केलेला कायदा अडवायचा आणि निवडून दिलेल्याला मुदतीआधी घरी पाठवायचं.

साने काकू: तिसरं आवडलं.

सेक्रेटरी कुलकर्णी: हा मेसेज डिलीट केला आहे

देशपांडे काका: त्याच दिवशी बायकांच्या मताधिकाराचाही प्रस्ताव होता. तोही पास झाला, पण अगदी काठावर, ३,५८७ मतांनी. पण सह्यांच्या या वाटेत कॅलिफोर्निया पहिली नव्हे. घटनेत हे पहिलं घातलं साउथ डकोटाने, १८९८ मध्ये. खरं चालवून दाखवलं ऑरेगॉनने. तिथे यू’रेन म्हणून एक माणूस होता. लोहाराचा मुलगा, स्वतः ऐरणीवर घण मारलेला, पुढे वकील झाला. स्वित्झर्लंडमध्ये लोक असे कायदे करतात असं एका पुस्तकात वाचलं आणि त्याच ध्यासाने दहा वर्षं काढली. १९०२ मध्ये मत झालं: बाजूने ६२,०२४, विरोधात ५,६६८.

अनघा: त्याच ऑरेगॉनमध्ये बायकांच्या मताधिकाराला लोकांनी पाच वेळा नाही म्हटलं, सहाव्यांदा, १९१२ मध्ये हो. आणि दर वेळी मत देणारे सगळे पुरुष. सह्यांचे कागद घेऊन फिरायला बायका होत्याच.

पाटील: एक मिनिट. हे एवढं अमेरिकेचं काय सांगताय? आमच्याकडे आईने केलंय हे. उभी बाटली आडवी बाटली!

रोहन: म्हणजे?

पाटील: गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के बायकांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. मग एक्साइजचे लोक येऊन सह्या खऱ्या का ते बघतात. त्यानंतर गुप्त मतदान, कागदावर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. आडवी म्हणजे बंद. आई तेव्हा साठीची. अंगठा उठवायची, सही येत नव्हती. पडताळणीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सकाळपासून रांग, तुम्हीच अंगठा दिला का, समजून दिला का, कुणी सांगितलं म्हणून दिला का. आई म्हणाली, साहेब, नवऱ्याचा पगार दारूच्या दुकानात जायचा तेव्हा कुणी आला नाही विचारायला समजून दिला का म्हणून.

साने काकू: मग? झालं का बंद?

पाटील: नाही. आडव्या बाटलीला मतं भरपूर पडली, पण नियम असा की यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त पाहिजेत. नुसत्या आलेल्यांच्या नव्हे. निम्म्या लेकीसुना मुंबई-पुण्याला. ज्या आल्या नाहीत त्या उभ्या बाटलीच्या धरल्या गेल्या. दुसऱ्या खेपेला एसटीचं भाडं वर्गणी काढून आणल्या सगळ्यांना. तेव्हा झालं.

देशपांडे काका: पाटील, हे तुम्ही दहा वर्षांत कधी बोलला नाहीत. इथे तसं नाही, जे मत देतात त्यातलेच निम्मे पुरतात.

रोहन: दारूवरून आठवलं. वॉशिंग्टन आणि कोलोरॅडो, दोन्ही राज्यांत लोकांनी १९१४ मध्ये याच सह्यांच्या वाटेने दारूबंदी आणली. आणि २०१२ मध्ये याच वाटेने गांजा कायदेशीर केला.

साने काकू: शिव शिव.

अनघा: त्याहून वाईट ऐका. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेने कायदा केला, की घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण बघून नाही म्हणायचं नाही. घरमालकांनी आणि इस्टेट एजंटांनी सह्या गोळा केल्या आणि १९६४ मध्ये सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो मोडून काढला. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकांचा तो निकाल रद्दच ठरवला. बहुमत झालं म्हणून शेजाऱ्याचा हक्क काढून घेता येत नाही. आपल्या मागच्या एजीएममध्ये ‘बॅचलरला फ्लॅट देऊ नये’ या ठरावावर किती हात वर होते, आठवतंय ना?

सेक्रेटरी कुलकर्णी: विषय भरकटतोय.

पंप ऑपरेटर: उद्या १० ते १ टाकी धुणार पाणी येनार नाही

देशपांडे काका: मी कुलकर्णींच्या बाजूनेही एक सांगतो. लेकीचं घर २०१८ मध्ये १८ लाख डॉलरला घेतलेलं. शेजारी एक आजोबा, तेच बांधकाम, तेवढाच प्लॉट, त्यांनी १९८०मध्ये दीड लाखाला घेतलं. लेक वर्षाला १८ हजारांवर मालमत्ता कर भरते, आजोबा पावणेचार हजारांच्या आतबाहेर. एकच रस्ता, एकच कचऱ्याची गाडी! कारण १९७८ चा प्रस्ताव १३. तेव्हा घरांच्या किमती आणि त्याबरोबर कर असे भडकले की पेन्शनवाले घर विकायच्या बेताला आले. हॉवर्ड जार्व्हिस नावाच्या म्हाताऱ्याने बारा लाखांहून अधिक सह्या जमवल्या. कर किमतीच्या १ टक्का, ती किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढणार, आणि घर विकलं की मग खरा बाजारभाव लागणार. जवळजवळ ६५ टक्के लोक हो म्हणाले. मीही म्हणालो असतो. पण शाळा, वाचनालयं चालायची त्याच करावर, ती हात पसरत राज्याच्या दारात गेली. आणि सवलत कंपन्यांच्या जमिनींनाही तीच. ती तेवढी काढायचा प्रस्ताव २०२० मध्ये आला, थोडक्यात पडला.

साने काकू: विधानसभेने दुरुस्त करावं मग.

देशपांडे काका: तिथेच मेख आहे. लोकांनी केलेलं पुन्हा लोकांनाच विचारल्याशिवाय बदलता येत नाही, प्रस्तावातच तशी मुभा असेल तरच. आणि मुभा कशी असते बघा. २०२० मध्येच उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरेंनी मिळून २० कोटी डॉलरच्या वर ओतले, आमचे ड्रायव्हर नोकर नाहीत असा कायदा करायला.

पाटील: कुठली लिफ्ट? बी विंगची परत बंद आहे का?

रोहन: हा हा हा. काका, टॅक्सीची कंपनी आहे.

देशपांडे काका: ५८ टक्क्यांवर मतं मिळाली. आणि आत एक कलम: विधानसभेला दुरुस्ती करायची तर सात-अष्टमांश बहुमत पाहिजे. सात-अष्टमांश लोक कशावर एकमत होतात हो? आपल्याकडे दिवाळीच्या फराळावर होत नाहीत. रेल्वे कंपनीला बाहेर ठेवायला जे दार केलं, त्याच दाराने शंभर वर्षांनी कंपन्या आत आल्या, आणि येताना सह्या घेऊन आल्या.

सेक्रेटरी कुलकर्णी: हेच म्हणतोय मी. आता तुमच्या कागदाचं हेडिंग बघा, ‘आपली बाग वाचवा’. यावर कोण नाही म्हणेल? मी हेडिंग लिहितो, ‘रात्री दहानंतर आलेल्यांना गाडी लावायला जागा नको’. किती सह्या येतात बघू.

अनघा: हा मुद्दा मात्र बरोबर आहे. कॅलिफोर्नियात शीर्षक सह्या गोळा करणारे ठरवत नाहीत, राज्याचा ॲटर्नी जनरल लिहितो. पण तोही निवडून आलेला, पक्षाचा. १९९६ मध्ये सरकारी नोकऱ्या आणि विद्यापीठ प्रवेशात वंश आणि स्त्रीपुरुष बघून दिलं जाणारं झुकतं माप बंद करायचा प्रस्ताव होता. शीर्षकात शब्द होता ‘भेदभावाला बंदी’. ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ या ज्या नावाने लोक ते धोरण ओळखायचे, ते त्यात कुठे नव्हतंच. विरोधक कोर्टात गेले, हरले. प्रस्ताव पास.

साने काकू: बरं. मग हेडिंग बदलते. ‘बागेच्या जागी पार्किंग करावे की नाही, यावर चर्चा’. आता ठीक?

सेक्रेटरी कुलकर्णी: ठीक.

साने काकू: पण सह्या जुन्या हेडिंगवर झाल्यात. अठरा झाल्यात! चालतील ना?

अनघा: काकू, नवा कागद करा. मिसिसिपीत काय झालं सांगते. नियमात लिहिलेलं, पाच मतदारसंघांतून सह्या आणायच्या, एकातून पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नाहीत. २०००च्या जनगणनेनंतर मतदारसंघ राहिले चार. नियम कुणी बदलला नाही. २०२० मध्ये लोकांनी भरघोस मतांनी औषधी गांजाचा प्रस्ताव पास केला, आणि २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. चार पंचमांश कितीही जोडले तरी पूर्ण एक होत नाही, म्हणून. नुसता प्रस्ताव नाही, सह्यांची वाटच बंद झाली.

सेक्रेटरी कुलकर्णी: अनघा, हे उपविधी घेऊन एकदा घरी ये. आपलेही तपासायला पाहिजेत.

(संध्याकाळी ७.४०)

साने काकू: नवा कागद. नव्या हेडिंगवर सगळ्यांच्या सह्या पुन्हा घेतल्या. अठरा. फोटो टाकलाय.

देशपांडे काका: थांबा. सकाळचा चहा घेतोय, चष्मा लावतो.

देशपांडे काका: काकू, नववी ओळ ए-४०२. ते भाडेकरू आहेत, सभासद नव्हेत. ती वजा.

साने काकू: सतरा उरल्या. पुरे आहेत.

देशपांडे काका: चौथी आणि पंधरावी ओळ मोठी करून बघा. नावं वेगळी, फ्लॅट वेगळे. पण दोन्हीकडे ‘र’ची शेपटी उजवीकडे वळून रेघेखाली जाते आणि शेवटी टिंब. हात एकच आहे. कुणी म्हणून लिहिलं ते विचारत नाही.

पाटील: आमच्या हिने शेजारच्या वहिनींची केली. त्या माहेरी गेल्यात. फोनवर विचारून केली हो.

देशपांडे काका: सोळा.

सेक्रेटरी कुलकर्णी: १६.८ ला १६ कमी पडतात. नियम म्हणजे नियम. सभा नाही.

कुलकर्णी वहिनी (सी-२०१): साने काकू, पॅड अजून खालीच आहे ना? शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव माझं आहे.