प्रतिसाद: अप्रेंटिसशिप वाया जाते का?
'रेल्वेतली अप्रेंटिसशिप म्हणजे वर्षभर झाडू मारणं' हे वरचं मत मला पटत नाही. शिकवणारा कोण मिळतो यावर सगळं असतं. आमचे इन्स्ट्रक्टर पहिला महिना फक्त मोजमापं करून घेत. ब्रॉडगेज डब्याच्या चाकजोडीत चाकांमधलं आतलं अंतर १६०० मिमी, फरक चालतो तो अधिक २, उणे १ एवढाच. आकडा चुकला तर ओरडायचे नाहीत, मोजायचं गेज पुन्हा हातात द्यायचे.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, पण परीक्षा द्यावीच लागते. म्हणून शिफ्ट संपल्यावरही सर तासभर थांबून आमच्याकडून गणितं सोडवून घ्यायचे. रोज, न चुकता. मी त्यामुळेच नोकरीला लागलो.